तक्रार न करणारं घर

फायबरचं जाळं दुरुस्त करायला शिकवताना एक फॉल्ट असा येतो की वर्गातली हुशार मुलंही तिथे अडतात. एका गल्लीतल्या तीसेक घरांचं इंटरनेट येतं आणि जातं. कुणाचं दहा मिनिटांनी, कुणाचं तासाने. तक्रारी सात-आठ घरांतून आलेल्या आहेत. तंत्रज्ञ पहिल्या घरी जातो. भिंतीवरच्या पांढऱ्या बॉक्सपाशी, म्हणजे ओएनटीपाशी, पॉवर मीटर लावतो. प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम, अगदी ठीक. कनेक्टर पुसतो. फरक नाही. बॉक्स बदलतो. थोडा वेळ चालतं, पुन्हा जातं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. दोष या घरांत नसतोच. तो अशा एका घरात असतो, जिथून तक्रार आलेलीच नाही, कारण तिथलं नेट चालू आहे.

एक्स्चेंजमधून प्रत्येक घरासाठी वेगळा फायबर निघत नाही. एकच निघतो आणि वाटेत स्प्लिटर नावाच्या, वीज न लागणाऱ्या काचेच्या तुकड्यात तो ३२ किंवा ६४ फांद्यांत फुटतो. एक्स्चेंजकडून घराकडे येणारा प्रकाश सगळ्यांना सारखाच मिळतो. प्रत्येक बॉक्स आपल्यापुरतं उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. घराकडून एक्स्चेंजकडे जाताना मात्र पाळी लावावी लागते. एका सेकंदाचे ८,००० भाग, म्हणजे प्रत्येक भाग १२५ मायक्रोसेकंदांचा. (हा आकडा जुन्या डिजिटल टेलिफोनकडून वारशाने आलेला. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेण्याचा तो हिशोब. टेलिफोन गेला तरी त्याचं घड्याळ राहिलं.) एक्स्चेंजमधलं ओएलटी ज्याला सांगेल त्याने, सांगेल तेवढाच वेळ आपला लेझर पेटवायचा आणि लगेच विझवायचा. आता एखाद्या बॉक्सचा लेझर बिघडला आणि पाळी नसतानाही पेटलेला राहिला, तर त्याचा प्रकाश इतरांच्या बोलण्यावर पसरतो. त्याचं स्वतःचं काम चालू राहू शकतं. मार खातात ते शेजारी. अशा बॉक्सला इंग्रजीत ‘रोग’ ओएनटी म्हणतात, बदमाश या अर्थाने. वर्गातली मुलं तो शब्द मराठी ‘रोग’ समजूनच ऐकतात आणि मी काही त्यांना दुरुस्त करायला जात नाही.

हा फॉल्ट रोज येत नाही. रोज येतात ते वेगळे. कनेक्टरवर धूळ, कपाटामागे दाबला गेलेला फायबर, जळलेला अडॅप्टर, हिरव्या कनेक्टरला कुणीतरी जोडलेला निळा, गणपतीच्या मांडवाच्या बांबूने किंवा रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तुटलेली केबल. त्यामुळे असा प्रश्न रास्त आहे, आणि तो मला विचारलाही जातो, की काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात मुलांना पाळीचा हिशोब, डेसिबलचा अर्थ, प्रकाशाच्या लहरींची लांबी हे सगळं सांगायचंच कशाला? त्यांना क्रम शिकवा. लाल दिवा दिसला तर हे करा, हिरवा लुकलुकत असेल तर ते करा, एवढं करून जमलं नाही तर बॉक्स बदला, तरीही नाही तर वरच्याला कळवा.

हा युक्तिवाद मला फालतू वाटत नाही. ज्याला उन्हात शिडी लावून दिवसाला आठ-दहा तक्रारी पाहायच्या आहेत, त्याला क्रम हा आधार असतो. क्रम चुका टाळतो. शिवाय उद्या कुणी साहेब ओरडला तर ‘मी सांगितलं तसंच केलं’ म्हणायची सोय देतो, आणि ठेकेदाराकडे कामाला असलेल्या मुलासाठी ही सोय लहान नसते. काही नियम तर निव्वळ नियम म्हणूनच शिकवावेत, या मताचा मी आहे. फायबरच्या टोकात डोळा घालून पाहायचं नाही, हा त्यातला पहिला. त्यातला प्रकाश अवरक्त, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून पापणी आपणहून मिटतही नाही. चालू फायबर आणि मेलेला फायबर नुसत्या डोळ्यांना सारखेच काळे दिसतात. इथे कारण समजलं तर उत्तम, नाही समजलं तरी नियम पाळलाच पाहिजे. उघडलेल्या मॅनहोलमध्ये हवा तपासल्याशिवाय उतरायचं नाही, हाही तसाच. अशा नियमांवर वर्गात चर्चा घडवून आणणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती मी पोरं सोपवणार नाही.

पण दुरुस्ती नियमांनी संपत नाही. तांब्याच्या तारांच्या काळातलं एक उदाहरण आजही शिकवण्यासारखं आहे. टेलिफोनची लाइन म्हणजे दोन तारांची जोडी. त्यातली एक तार कुठेतरी तुटली की फोन ठार मरतो, डायल टोन येत नाही. पण त्याच जोडीवर ब्रॉडबँड असेल तर ते कधीकधी लंगडत का होईना, चालू राहतं. कारण फोनला लागणारा एक्स्चेंजच्या ४८ व्होल्ट बॅटरीचा सरळ प्रवाह तुटलेली जागा ओलांडू शकत नाही. ब्रॉडबँडची वरच्या वारंवारितेची लहर मात्र शेजारच्या तारांच्या आधाराने थोडीफार पलीकडे पोचते. ज्याला फक्त क्रम माहीत आहे तो म्हणतो, ‘नेट चालू आहे, म्हणजे लाइन चांगली आहे, फोनचं यंत्र बदला.’ ज्याला कारण माहीत आहे तो नेट चालू असूनही तार तुटलेली आहे हे ओळखतो आणि खांबाकडे निघतो. दोघांनी पाहिलं ते एकच. एकाला त्यात पुरावा दिसला नाही, दुसऱ्याला दिसला.

गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ असा भेद केला. करता येणं म्हणजे डोक्यात आधी नियम म्हणायचा आणि मग हात हलवायचा, असं नसतं, हा त्याचा मुद्दा. पोहणाऱ्याला विचारा. मला तो पटतो, पण फॉल्ट शोधणं हे पोहण्यासारखं पूर्ण हातात उतरणारं कसब नाही. त्यात दर वेळी एक गोष्ट रचावी लागते: काय झालं असेल म्हणजे हे सगळं असं दिसेल? ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेत झेरॉक्सच्या मशीन दुरुस्त करणाऱ्यांबरोबर राहून, त्यांच्यासोबत फिरून ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध केलं. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत कुठल्या खुणेनंतर काय करायचं हे लिहिलेलं असायचं. पण अवघड बिघाड सुटायचे ते तंत्रज्ञ एकत्र जेवताना एकमेकांना सांगत त्या हकिगतींमधून. आपल्याकडे ते काम सध्या व्हॉट्सॲपचे ग्रुप आणि चहाच्या टपऱ्या करतात. ‘परवा त्या सोसायटीत काय झालं माहितेय का’ अशी सुरुवात झाली की समजावं, प्रशिक्षण सुरू झालं.

जुन्या सरकारी खात्यात हे ज्ञान पिढीजात असावं तसं होतं. जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्राची सुरुवात १९४२ सालची. पुढे गाझियाबादचं केंद्र आलं. पण तिथून शिकून आलेला माणूस खरा तयार व्हायचा तो एखाद्या जुन्या जॉइंटरच्या हाताखाली, पावसाळ्यात कागदी वेष्टनाच्या केबलमध्ये पाणी शिरलं की शेकडो जोड्या एकेक करून पुन्हा जोडताना. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर कुठली केबल कुठून गेली आहे याची माहितीही बाहेर पडली. ती नकाशात थोडी होती, डोक्यांत जास्त. याचं दुःख मला आहे. पण त्या काळासाठी उसासे टाकायची माझी तयारी नाही. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले लोक त्याच काळातले आणि दिवाळीची बक्षिसी मिळेपर्यंत ज्यांची लाइन ‘सापडत’ नसे तेही. पिलरमधल्या कुठल्या जोडीवर काय आहे हे फक्त एका लाइनमनला माहीत असणं, ही त्याची विद्या होती आणि त्याची सत्ताही. तेव्हा ज्ञान होतं, ते कुणाला बांधील नव्हतं. आज बांधीलकी मोजली जाते, तासांत आणि मिनिटांत मोजली जाते, आणि ज्ञानाला वेळ उरलेला नाही.

मला खरा नैतिक प्रश्न दिसतो तो इथे. तक्रार ‘बंद’ करणं ही एक विधान करण्याची कृती आहे. ॲपमध्ये कारण निवडायचं, उपाय निवडायचा, ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, की झालं. त्या बटणाचा अर्थ असा की ‘इथे अमुक दोष होता, तो मी काढला.’ पण मुलाला जे शिकवलंय त्यावरून त्याला फार तर एवढंच म्हणता येतं की ‘मी बॉक्स बदलला आणि दिवा हिरवा झाला.’ ही दोन विधानं वेगळी आहेत. लक्षण गेलं आणि कारण गेलं यातला फरक ज्याला शिकवलेलाच नाही, तो ते बटण दाबतो तेव्हा खोटं बोलतो का? नाही. खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. तो प्रामाणिक आहे आणि विधान मात्र असत्य आहे. व्यवस्थेला एक सोयीची गोष्ट साधलेली असते: सच्च्या माणसांकडून खोटे अहवाल मिळतात आणि कुणाचीच सदसद्विवेकबुद्धी टोचत नाही. म्हणून प्रशिक्षण किती द्यायचं हा नुसता खर्चाचा प्रश्न आहे, असं मला वाटत नाही. आपण कुणाला किती शिकवतो यावर त्याला किती खरं बोलता येईल हे ठरतं.

इथवर विचार नेऊन मी बरेच दिवस समाधानी होतो. मग आधीच्या तुकडीतला एक मुलगा भेटायला आला. कामाला लागून त्याला चार-पाच महिने झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “सर, तुम्ही शिकवलंत ते सगळं उपयोगी पडतं. पण एक झालं. आधी मी तक्रार बंद करायचो. आता मला कळतं की मी खोटं लिहितोय.” तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. एका खांबावरच्या स्प्लिटरच्या पेटीत पाणी शिरतंय, हे त्याला समजलं होतं. पेटी बदलायची परवानगी त्याला नव्हती. वर कळवलं, उत्तर आलं नाही. रोज त्या पेटीवरच्या एखाद्या घरची तक्रार यायची, तो जाऊन कनेक्टर पुसायचा, दोन दिवस चालायचं. त्याच्याबरोबरचा दुसरा मुलगा, ज्याने असं काही शिकलेलं नाही, तो तेच करत होता आणि रात्री शांत झोपत होता.

म्हणजे ज्ञान देऊन मी या मुलाला प्रामाणिक होण्याची क्षमता दिली आणि त्याबरोबर अप्रामाणिक होण्याचीही. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला निदान करायला शिकवणं हा अन्याय आहे का? डॉक्टरला रोग कळला आणि औषध नसलं तर तो निदान रोग्याला खरं सांगू शकतो. या मुलाला ग्राहकाला खरं सांगायचीही मुभा नसते. ‘कंपनीची पेटी खराब आहे’ असं म्हटलं आणि ते वर पोचलं तर नोकरीवर येतं.

यावर मला सुचणारं उत्तर अर्धंच आहे. ते म्हणजे न शिकवण्याने अन्याय टळत नाही, फक्त तो कुणाला दिसत नाही. पेटीत पाणी शिरतंच आहे, गल्लीतल्या लोकांचे पैसे जातच आहेत. उद्या कुणी वरचा माणूस विचारायला आलाच, तर सांगू शकणारा निदान एक जण हवा. पण त्या एकाने तोपर्यंत काय करावं, हे मला सांगता येत नाही. त्याला मी तारखांसह वहीत लिहून ठेवायला सांगितलं. हा सल्ला देताना मलाच तो तोकडा वाटत होता. तरी तो लिहितो असं ऐकतो.

आता पुन्हा त्या ‘रोग’ बॉक्सकडे, कारण तो शोधायची पद्धत स्वतःच एक नैतिक कोडं आहे. नव्या ओएलटीमध्ये असा बॉक्स ओळखून त्याला गप्प बसवण्याची सोय असते. पण ती दर ठिकाणी चालू ठेवलेली नसते, आणि लेझर अडकूनच बसला असेल तर बॉक्स आज्ञाही ऐकत नाही. मग जुनी रीत उरते. एक जण एक्स्चेंजमध्ये स्क्रीनवर नजर ठेवून बसतो, दुसरा खांबावर एकेक फांदी काढतो. जी फांदी काढल्यावर बाकीचे स्थिर होतात, ती त्या घराची. म्हणजे एक दोषी शोधण्यासाठी अनेक निर्दोषांची सेवा थोडा थोडा वेळ तोडायची. प्रत्येक वेळी बॉक्स पुन्हा जोडला जायला मिनिटभर तरी जातं. त्या मिनिटात कुणाची ऑनलाइन परीक्षा चालू असेल, कुणी डॉक्टरशी बोलत असेल. न विचारता तोडायचं? प्रत्येकाला विचारत बसलं तर दिवस जाईल. रात्री दोनला करायचं? मग तोवर सगळी गल्ली आचके खात राहील, आणि मुलाने रात्री दोनला खांबावर चढायचं.

वर्गात यावर जोरात वाद होतात. बहुतेकांचं म्हणणं असतं की तसंही सगळ्यांचं येतंय-जातंय, आणखी मिनिटभर गेलं तर काय बिघडलं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती शुद्ध तांत्रिक आहे. स्प्लिटर बऱ्याचदा दोन टप्प्यांत असतात, आधी चार फांद्या, मग प्रत्येकीच्या आठ. आधी मोठ्या चारांतली कुठली ते शोधलं आणि मग तिच्या आठांतली कुठली, तर जास्तीत जास्त बारा वेळा काढ-घाल करून काम होतं. रचना न समजलेला मुलगा छोट्या ३२ फांद्या काढत बसतो. यातही हिशोब दोन्हीकडून करावा लागतो: मोठी फांदी काढली की एका वेळी आठ घरं जातात, छोटी काढली की एक. कमी वेळा अनेकांना, की अनेक वेळा एकेकाला? नेमकं काय तुटतंय हे माहीत असणाऱ्यालाच हा प्रश्न पडू शकतो. समज नसेल तर निवडही नसते, आणि निवड नसेल तिथे नीतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शेवटी घर सापडतं. तंत्रज्ञ दार वाजवतो. आतल्या काकू म्हणतात, “आमचं तर चालूच आहे हो.” खरंच चालू असतं. आता त्यांना सांगायचं की तुमच्यामुळे गल्लीचं नेट बंद पडत होतं? हे वाक्य कारण म्हणून बरोबर आहे आणि आरोप म्हणून संपूर्ण चूक. काकूंनी काही केलेलं नाही. जूनच्या एखाद्या विजेने किंवा नुसत्या वयाने बॉक्स बिघडला. कारण आणि दोष हे आपण मराठीत बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ‘दोष कुणाचा’ आणि ‘दोष कुठे’ हे प्रश्न एकाच शब्दाने विचारतो. दुरुस्तीच्या कामात तरी ते सुटे ठेवावे लागतात. मुलांकडून मी हे वाक्य तोंडी म्हणवून घेतो: “काकू, तुमचं चालू आहे, पण तुमच्या बॉक्सचा लेझर बिघडलाय, त्याने इतरांना त्रास होतोय. बदलून देतो, पैसे पडणार नाहीत.” मुलांना हा सराव हास्यास्पद वाटतो. पण बदललेल्या बॉक्सचे पैसे ग्राहकाकडून मागितले जातात अशा ठिकाणी शेवटचे तीन शब्द म्हणता येत नाहीत, हेही ती लगेच दाखवून देतात.

परीक्षेत मी पाच जोडण्या मांडतो. चारांत दोष असतो: एकीत फायबर खिळ्याभोवती घट्ट वाकवलेला (तो १३१० नॅनोमीटरला ठीक दिसतो आणि १५५० ला प्रकाश गळतो, म्हणून दोन्हींवर मोजावं लागतं), एकीत हिरव्या-निळ्याची चुकीची गाठ, असं काहीतरी. पाचवी जोडणी पूर्ण चांगली असते. तिच्यात काही नाही हे मी आधी सांगत नाही. उत्तरपत्रिकेवर ‘दोष आढळला नाही’ आणि ‘कारण कळलं नाही’ असे दोन पर्याय मी छापून घेतले आहेत, दोन्हींना पूर्ण गुण मिळू शकतात, मापं दाखवली तर. तरी दर तुकडीत बरीच मुलं पाचव्या जोडणीत काही ना काही शोधून काढतात. शोधायला पाठवलंय म्हणजे सापडलंच पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नाही.

मागच्या तुकडीत निकाल लागल्यावर एका मुलीने (आता एखाद-दुसरी मुलगी असते, खांबावर चढायलाही कुणाला मागे हटत नाही) हात वर करून विचारलं, “सर, कामावरच्या ॲपमध्ये हे दोन पर्याय कुठे असतात?” ते नसतात. तिच्या आधीच्या तुकडीतल्या मुलांना मी विचारलं की तुम्ही काय निवडता. बहुतेक जण ‘कनेक्टर साफ केला’ निवडतात म्हणाले. तो त्यांनी दर वेळी साफ केलेला असतोच.